न्हाणीघराचा काळा गाळ

रविवार, २ सप्टेंबर १९३४

फीबी, आधी ओळख करून देते. मी थॉमसिन थर्लवेल, तुझी आई. रोमन भिंतीखालच्या उतारावर जे दगडी घर आहे ना, त्यात राहते. वाट तीच, फाटक तेच, कुत्रा मात्र आता तुला ओळखायचा नाही. ईस्टरला 'पुढच्या महिन्यात येते' म्हणून गेलीस. नॉर्थ शील्ड्सला महिने फार लांबलचक असतात वाटतं. आणि जाताना वर मलाच बजावलंस, "आई, रोजचं कुणाकडून तरी लिहून घेत जा, तुला काही लक्षात राहत नाही." मला!

तर ही वही. मला अक्षर येत नाही, म्हणून मी बोलते आणि मिस एनिड लिहिते. एनिड जुलैपासून आपल्या माडीवरच्या खोलीत राहते. चांगली शिकलेली आहे, चष्मा आहे, चोवीस वर्षांची आहे आणि दिवसभर गटारात असते. हे मी तिच्या तोंडावर सांगतेय आणि ती मुकाट्यानं लिहितेय, यावरून स्वभाव ओळख.

गटार आपलं नव्हे. खालच्या कुरणात, ओढ्याच्या अंगाला, रोमन शिपायांचं न्हाणीघर निघालंय. मेजर टॉलमन ते उकरताहेत. एक गरम खोली, एक कोमट, एक गार, शिवाय गार पाण्याचं टाकं. आणि या सगळ्यांच्या पोटाखालून ओढ्याकडे जाणारं दगडी गटार, वर फरश्या घातलेलं. माणूस ओणवा होऊन आत जातो. मेजरांना भिंती आवडतात, एनिडला गटार. मी विचारलं, "पोरी, चांगल्या घरची तू, त्या घाणीत एवढं काय ठेवलंय?"

"आजी, बांधणाऱ्याच्या मनात काय होतं ते भिंती सांगतात. पण आत न्हायला कोण कोण येत होतं, ते गटारच सांगतं. ज्याच्या हातून जे निसटलं ते मोरीच्या जाळीतून खाली गेलं आणि गाळात बसलं."

"मग बस चाळत."

"काय चाळू? गाळच नाही!"

झालं असं, की ती यायच्या आधी, जूनमध्ये, मेजरांनी गटाराचा वरचा सगळा भाग साफ करवून घेतला. त्यांना तळाचा उतार मोजायचा होता. गाळ न चाळता गाड्या भरभरून बाहेर काढला. एनिडनं आल्यावर तो मातीचा ढीग अख्खा चाळला, महिना घालवला. माती आहे, चुना आहे, फुटके कौल आहेत. तो काळा, तेलकट गाळ मात्र कुठेच नाही. मजुरांना विचारलं तर सगळे ओढ्याकडे बघतात.

मी म्हटलं, "पावसात गेला असेल वाहून."

ती म्हणाली, "गाड्याच्या गाड्या, आजी?"

मला काय माहीत. मी काही गटारावर नजर ठेवून बसत नाही.

मंगळवार, ४ सप्टेंबर

एनिडला काल गटाराच्या खालच्या तोंडाशी हाडाचा आकडा सापडला. केसांत खोवायचा, माझ्या करंगळीएवढा. गटाराचा खालचा तुकडा अजून गाळानं गच्च आहे, मेजर तिथे माणसं द्यायला तयार नाहीत, म्हणून ही एकटीच कडेकडेनं चमच्यानं उकरते. आकडा मिळाल्यावर धावत गेली मेजरांकडे. मी अंडी द्यायला गेले होते, सगळं ऐकलं.

"बायका, मेजर! इथे बायका न्हायला येत होत्या."

मेजर चांगला माणूस, लढाईत एक कान गेला, पण बोलतो सावकाश आणि मोजून. म्हणाले, "मिस एनिड, हे छावणीचं न्हाणीघर. पाचशे शिपाई. एका आकड्यावर मी त्यांच्यात बायका-पोरं आणून बसवणार नाही. कुणा पोराबाळांच्या खेळात वरून पडला असेल तो."

"पण वरच्या भागातला गाळ असता तर…"

"असता तर." ते जरा ओशाळले, खरं सांगते. "तो घाईत काढला, हे मला मान्य आहे. पण आता तो नाही."

मी मेजरांच्या बाजूची आहे. उघड्याबोडक्या शिपायांत कोण बाई पोराला घेऊन न्हायला जाईल? तर एनिड म्हणते, वेळा वेगळ्या असतील, सकाळी बायका, दुपारनंतर पुरुष. असेल बाई. आमच्याकडे सोमवारी धुणं असतं तेव्हा पंपाजवळ पुरुष फिरकत नाहीत, तसं काही.

या महिन्याच्या वीस तारखेला, गुरुवारी, मेजरांच्या मंडळाचे लोक येऊन ठरवणार की न्हाणीघर पुढच्या वर्षी खोदायचं की बुजवायचं. नवं काही निघालं नाही तर बुजवायचं, खालच्या तुकड्यासकट. मग एनिड लीड्सला मावशीच्या शाळेत टंकलेखन शिकवणार. हे सांगताना तिनं बटाटा इतका सोलला की वाटाण्याएवढा उरला.

शनिवार, ८ सप्टेंबर

आज तुझ्या भावाबद्दल. तुला भाऊ आहे, फीबी. लान्स.

कोळशाची खाण बंद पडली तेव्हापासून दोन हिवाळे तो विस्तवापाशी बसून होता, ते तू पाहिलंयस. बोलवलं तर उठायचा, वाढलं तर खायचा. मी त्याच्या पाठीकडे बघत स्वयंपाक करायची. मग गेल्या वसंतात कुणीतरी लीकची, त्या जाड लांबड्या कांद्याची, रोपं दिली, आणि बाई गं, पोरगा उजाडायच्या आत बाहेर! आता मेजरांकडे दिवसभर फावडं मारतो आणि घरी आला की वाफ्यात. एकेक लीक माझ्या दंडाएवढा झालाय, पांढराशुभ्र, वर निळसर पानांचा पसारा. बावीस तारखेला, शनिवारी, खालच्या खानावळीत लीकचं प्रदर्शन. पहिलं बक्षीस आरामखुर्ची आहे. देवा, त्याला खुर्ची नको, तीत तो बसला तर पुन्हा उठायचा नाही. पण पहिला नंबर दे.

एनिडनं विचारलं, "एवढे मोठे कशानं होतात हो?"

"ते विचारायचं नसतं, पोरी."

"म्हणजे?"

"म्हणजे विचारायचं नसतं. या खोऱ्यात माणसाला बायकोबद्दल विचार, दारूबद्दल विचार, पण लीकच्या चरात काय घातलंय ते विचारू नये. बाप पोराला सांगत नाही. बोकडाचं रक्त घालतात, बिअर ओततात, चिमणीची काजळी घालतात, सगळं गुपचूप. आणि दुसरा काय घालतो ते दिसलं तरी आपण बघितलं नाही म्हणायचं. लान्सनं मलाही सांगितलं नाही. जूनमध्ये सगळे दिवस ढकलगाडीवर गोणपाट झाकून काहीतरी आणत होता. मी विचारलं, 'काय रे?' म्हणाला, 'आई, आज हवा छान आहे.'"

एनिडची पेन्सिल थांबली.

"जूनमध्ये?" ती म्हणाली. "कुठून आणत होता?"

"खालून. काळं होतं एवढं गोणपाटाच्या कडेला दिसलं. पण मी बघितलं नाही."

तिनं मग मी सांगितलेलं सगळं लिहून काढलं, अगदी सावकाश, आणि म्हणाली डोकं दुखतंय. गटारात ओणवं राहून दुसरं काय होणार.

रविवार, ९ सप्टेंबर

आज थोडंच, चर्चचं जेवण अंगावर आलंय.

लान्सचं काहीतरी चाललंय. ऑगस्टमध्ये लीकना माती चढवायला लागला तेव्हापासून मी बघते. वाफ्यातून उठतो, पंपाशी जातो, मूठ उघडून काहीतरी धुतो, उजेडात धरतो. माझ्या औषधाच्या खणातला कापूस गेला. आणि सदऱ्यावरच्या जाकिटात काडेपेटी. तो विडी ओढत नाही. परवा मी खिसा झटकायला घेतला तर असा झडप घालून आला, जसं काही मी हातातलं बाळच खाली टाकणार होते.

एवढीशी पेटी, आत कापूस, आणि छत्तीस वर्षांचा बिनलग्नाचा माणूस. मी काही काल जन्मले नाही. अंगठी आहे ती.

एनिडनं हे लिहिलं आणि वही मिटून उगाच टेबल पुसायला लागली. टेबल स्वच्छ होतं.

गुरुवार, १३ सप्टेंबर

अंगठी कुणासाठी ते मला कळलं. लिही, एनिड, लाजू नकोस.

सलग तीन संध्याकाळी ही पोरगी लीकच्या वाफ्यापाशी उभी. कुंपणावर हात टेकून बघत राहते. लान्स खाली मान घालून पानं पुसतो. दोघांत शब्द नाही! काल मी खिडकीतून ओरडले, "अगं, आत जा की, तो चावत नाही." तशी ही पळाली.

आज लिहायला बसल्यावर तिनं मला विचारलं, "आजी, लीक आठवडाभर आधी उपटले तर?"

माझ्या हातातला दोरा सुटला. "उपटले तर? पोरी, लीक शेवटच्या सकाळपर्यंत फुगत असतो. प्रदर्शनाच्या दिवशी पहाटे काढतात, कडेकडेनं, बाळंतपण करावं तसे. आधी काढला की त्याचं अंग उतरतं. परीक्षक फितीनं घेर मोजतो, तिथे बोटभर कमी म्हणजे गेलंच सगळं."

"आणि बक्षीस नाही मिळालं तर लान्स… म्हणजे मिस्टर थर्लवेल?"

मी दोरा उचलला. मग म्हटलं, "बक्षीस नाही मिळालं तर चालेल. पण वाफ्याला काही झालं तर मला भीती वाटते. मी ती पाठ पुन्हा नाही बघू शकत."

एनिडनं मान हलवली. "मग राहू दे," म्हणाली.

"काय राहू दे?"

"काही नाही, आजी. पुढे सांगा."

ही मुलगी त्याला प्रदर्शनाआधी काही बोलणार नाही, असं ठरवलंय तिनं. मन मोठं आहे. पण चेहरा दाढदुखी झाल्यासारखा. फीबी, प्रेमात पडलेली माणसं मी पुष्कळ पाहिली, भाजीची एवढी चौकशी करणारी पहिलीच.

सोमवार, १७ सप्टेंबर

आज मेजर चहाला आले. मी गोड पोळी केली होती तव्यावरची, मनुका घालून, आणि चांगल्या बश्या काढल्या. लान्सही बसला, पाहुण्यांसमोर बसतो तसा, हात मांडीखाली.

मेजर म्हणाले, "गुरुवारी मंडळ येईल. मी त्यांना खरं तेच सांगणार: भिंती पूर्ण झाल्या, गटाराचा उतार मोजून झाला. शुक्रवारपासून बुजवायला घेऊ."

लान्सनं मान वर केली. "बुजवायचं? पुढच्या वर्षी खोदायचं आहे ना?"

"कशासाठी? मिस एनिडचा एक आकडा आहे. तेवढ्यावर मंडळ गटाराला दुसरा उन्हाळा देणार नाही."

"आणि त्या… मिस पुढच्या वर्षी येणार नाहीत?"

"मी लीड्सला असेन," एनिड म्हणाली. आणि मग घाईघाईनं, "मिस्टर थर्लवेल, शनिवारी तुमचं प्रदर्शन आहे, मी बघायला येणार आहे. पहिला नंबर काढा." असं म्हणून माझ्याकडे बघून हसली. ते हसू मला आवडलं नाही. माणूस आजाऱ्याला भेटायला गेल्यावर हसतो, तसं होतं.

लान्स उठला आणि बाहेर गेला. पोळी बशीत तशीच. मेजर म्हणाले, "मी काही चुकीचं बोललो का, बाई?"

मी म्हटलं, "तुम्ही पोळी खा, मेजरसाहेब." मला वाटलं, मुलगी जाणार म्हटल्यावर पोराच्या काळजाला लागलं.

मंगळवार, १८ सप्टेंबर

फीबी, बस आणि वाच.

सकाळी उठून चूल पेटवली, खिडकी उघडली, आणि वाफा नाही. म्हणजे वाफा आहे, उलटा. लीक सगळे उपटलेले, ओल्या गोणपाटावर ओळीनं निजवलेले. लान्स चरात गुडघ्यापर्यंत उभा राहून काळी माती फावड्यानं उपसतोय, आणि पंपाखाली माझी पिठाची चाळण.

 मला वाटलं, डोकं फिरलं याचं.

तेवढ्यात एनिड माडीवरून धावत आली, रात्रीच्या कपड्यांवर कोट, चष्मा तिरका.

"थांबा! मिस्टर थर्लवेल, थांबा! शनिवारपर्यंत थांबायचं होतं तुम्ही!"

लान्सनं फावडं टेकवलं. "तुम्हाला माहीत होतं?"

"आजींनी ढकलगाडीचं सांगितलं तेव्हाच."

"मग विचारलं का नाहीत?"

"चरात काय घातलंय ते विचारायचं नसतं इथे."

लान्स तिच्याकडे बघतच राहिला. "नाही विचारत," म्हणाला. "आणि आम्ही सांगतही नाही. मजुरांतल्या सगळ्यांनी मला गाळ नेताना पाहिलं. तुम्ही महिनाभर ढीग चाळत होतात तेव्हा मी शेजारी उभा राहून गाडी भरत होतो. मला वाटायचं, प्रदर्शन होऊ दे, मग सगळं देऊ. पुढच्या वर्षी तुम्ही येणारच आहात. बुजवणार हे मला ठाऊक नव्हतं." मग त्यानं काडेपेटी काढली. "हे मातीत मिळालेले. मी फक्त धुतले."

आत कापसावर खडे. मसुराच्या डाळीएवढे, तांबडे, एक हिरवा. एनिडनं भिंग लावून मला दाखवले. एकावर कोंबडा कोरलेला, एकावर गव्हाची लोंबी, एकावर पंखवाली बाई. शिपायांच्या अंगठ्यांतले खडे, म्हणे. डिंकासारख्या कशानं तरी बसवलेले असायचे. गरम खोलीत वाफेनं ते पाघळायचं, खडा निसटायचा, मोरीच्या जाळीतून टप्प खाली. माणूस घरी जाऊन बघतो तर अंगठीला नुसतं भोक.

तेव्हा मला उमगलं. ती पोरगी तीन संध्याकाळ माझ्या लेकाकडे बघत नव्हती, मातीकडे बघत होती. तिचं सगळं वर्ष त्या लीकखाली पुरलेलं आहे हे कळूनही गप्प उभी होती. आणि मी वरून ओरडत होते, आत जा, तो चावत नाही! (हे लिहू नकोस, एनिड. लिहिलंस? दुष्ट आहेस.)

मग दिवसभर चाळलं. लान्स पाणी मारतो, एनिड चाळण हलवते, मी स्टुलावर बसून निवडते. तांदूळ निवडायची सवय कामाला आली. कोंबडीची हाडं, शिंपले, तेलाच्या कुपीची काच, हाडाचे आणखी आकडे, एक निळा मणी. आणि एक पांढरं, बार्लीच्या दाण्याएवढं. मी टाकणारच होते.

एनिडनं ते तळहातावर घेतलं. "दात आहे, आजी. दुधाचा."

 आपल्याकडे दुधाचा दात मिठात घोळून विस्तवात टाकतात, तू तुझे टाकलेस, लान्सनं त्याचे. त्या पोराच्या आईला राहिलं ते करायचं. 'हलतोय तर हात लावू नकोस' म्हणाली असेल, आणि ते पाण्यात खेळत बसलं असेल जीभ लावून.

लीक संध्याकाळपर्यंत मलूल झाले. लान्सनं गोणपाटावर पुन्हा पाणी शिंपडलं आणि आत आला. मी विस्तवापाशी जाणारी वाट अडवून उभीच होते. तो म्हणाला, "आई, सरक. हात धुवायचेत."

गुरुवार, २० सप्टेंबर

मंडळ आलं. टोप्या, छत्र्या आणि चिखलाला न शोभणारे बूट. आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर एनिडनं सगळं मांडलं: खडे, आकडे, मणी, दात.

मला वाटलं, आता ही मेजरांना चांगली चीत करणार. तर हिनंच सुरुवात केली: "हा पुरावा नाही."

मी तिला कोपर मारलं. तरी बोलतच राहिली. म्हणे, गाळ थरांनी बसतो, खालचा थर शिपायांच्या दिवसांतला, वरचा ते गेल्यानंतरचा. कोणता थर कोणता ते आता कुणालाच सांगता येणार नाही. त्यात फावडं फिरलं, शेणखत पडलं, उन्हाळाभर लीक वाढले. "यातलं काहीही मी कागदावर लिहू शकत नाही."

सगळे मेजरांकडे बघायला लागले. मेजरांनी दात उचलला. मोठ्या बोटांत तो दिसेना. फार वेळ धरून उभे होते. त्यांना मुलं आहेत की नाहीत, मला माहीत नाही, विचारायची सोय नाही.

मग म्हणाले, "मिस एनिड बरोबर सांगताहेत. हा पुरावा नाही. तो मी जूनमध्ये घालवला." मंडळाकडे वळले. "पण गटाराचा खालचा तुकडा अजून कुणी हलवलेला नाही. या टेबलावर जे आहे, ते तिथेही असणार, आपापल्या थरात. तो बुजवला तर मी एकाच गटारात दोनदा चूक केली असं होईल. मिस एनिड म्हणतील तसा खोदायचा. चमच्यानं, तर चमच्यानं. जमीन गोठायच्या आत."

छत्र्यांनी आपसांत कुजबुज केली आणि हो म्हटलं.

एनिड मागच्या दारी जाऊन रडली. मी लान्सला पाठवलं. तो पाण्याचा पेला घेऊन गेला आणि पेला तसाच हातात घेऊन तिच्याजवळ उभा राहिला. पुरुषांना हे शिकवायला हवं कुणीतरी.

रविवार, २३ सप्टेंबर

काल प्रदर्शन झालं. मी गेले होते, काळी हॅट घालून.

लान्सनं त्यातल्या त्यात बरे तीन लीक निवडून मांडले. बाजूच्यांच्या तुकतुकीत लीकांपुढे ते उपाशी पाहुण्यांसारखे दिसत होते. आणि त्यानं वाफा उघडला हे खोऱ्यात पसरलेलंच. चर उघडा करून दाखवणारा माणूस इथे आजवर झाला नाही. खानावळीत पाय ठेवला तोच सुरू.

"काय रे लान्स, सेनापतीच्या बगलेतला मळ खाऊन एवढेच झाले होय?"

"सांभाळून, त्याच्या लीकला न्हाल्याशिवाय झोप लागत नाही!"

"वास घ्या, वास घ्या, पलटण आली!"

मी टोपीखालून लान्सकडे बघत होते. खालचा ओठ बघत होते, लहानपणी रडायच्या आधी हलायचा तो. ओठ हलला. आणि मग पोरगा हसला, फीबी. चांगला खो खो. म्हणाला, "तुमच्या लीकनं जन्मात अंघोळ केली नाही, ते आधी बघा!" अख्खी खानावळ टेबलं बडवायला लागली.

फीत लागली. लान्स शेवटून दुसरा. आरामखुर्ची नेड स्टोकोला मिळाली, गेली नऊ वर्षं दुसरा येत होता बिचारा. सगळे पांगल्यावर तो खुर्ची डोक्यावर घेऊन आमच्याजवळ आला, इकडेतिकडे बघितलं, आणि लान्सच्या कानाशी म्हणाला, "मी विचारत नाही हं. पण उपटायच्या आधी घेर काय होता रे त्यांचा?"

लान्सनं दोन्ही हातांनी दाखवला.

नेडनं खुर्ची खाली ठेवली. त्याला बसावंच लागलं. "आणि त्या गटाराचा खालचा तुकडा," म्हणाला, "अजून भरलेला आहे म्हणतात?"

"आहे," लान्स म्हणाला. "आणि तिथे मी बसणार आहे."

गुरुवार, २७ सप्टेंबर

बसलाय. मेजरांनी त्याला गटारावरच नेमलं, चाळण धरायला आणि राखण करायला. राखण खरंच लागते. सोमवारपासून खालच्या वाटेनं माणसं हवा खायला येतात, प्रत्येकाजवळ ढकलगाडी, प्रत्येक गाडीवर गोणपाट. लान्स गटाराच्या तोंडाशी उभा राहून म्हणतो, "आज हवा छान आहे," आणि ती परत जातात. एनिड आतून ओरडते, "कोण आहे?" हा सांगतो, "कुणी नाही, मी बघितलं नाही."

काल तिला गाळाच्या खालच्या थरात, जागच्या जागी, आणखी एक आकडा मिळाला. मेजर स्वतः ओणवे होऊन आत गेले बघायला आणि अडकले. दोघांनी पाय धरून ओढून काढलं. एनिड हे लिहिताना इतकी हसतेय की तुला अक्षर लागायचं नाही.

जमीन गोठेपर्यंत ती इथेच आहे. पुढचं मी काही म्हणत नाही. एकदा म्हटलं, पुरे झालं.

आता काम सांगते, आणि हे तरी विसरू नकोस. घरात इतके लीक पडलेत की नाताळपर्यंत रस्सा लीकचा, पुडिंग लीकचं, बटाट्याच्या थरांत लीक. तेव्हा तू पाठवतेस त्या खाऊच्या पेटीत भाजी अजिबात घालू नकोस, कांदासुद्धा नको. बंदरावरून धुरी दिलेले हेरिंग मासे पाठव, जाडे, लोण्यात परतायचे. दोन माणसांना लागतील तेवढे पाठवायची तुझी सवय आहे. या वेळी दुप्पट पाठव. लान्स सकाळी उठला की विचारतो, खायला काय आहे.